तीन नंबरचा आरसा

दुकानात तिला सगळ्या जणी छोट्या मॅडम म्हणत. घरी ती भिंगरी. हे नाव थोरल्या बहिणीनं, म्हणजे ताईनं, लहानपणी ठेवलेलं, कारण ही मुलगी एका जागी बसून कधी जेवलीसुद्धा नाही. पुढे तिला नोकरीही पायाला साजेशी मिळाली. बायकांच्या कपड्यांच्या दुकानात ती असिस्टंट मॅनेजर झाली. आता असिस्टंट मॅनेजर ही चीजच मुळात चमत्कारिक. खालच्यांना वाटतं ही वरची, वरच्यांना वाटतं ही खालची, आणि गिऱ्हाइकाला कुणावर तरी खेकसायचं असलं की नेमकी हीच समोर सापडते. मॅनेजर, म्हणजे मोठ्या मॅडम, त्या दिवशी मुख्य कार्यालयात मीटिंगला गेल्या होत्या आणि तिथून फोन करकरून "गर्दी कशी आहे?" विचारत होत्या. गर्दी अशी होती की फोन उचलायला हात मोकळा नव्हता.

सेलचा पहिला दिवस होता. सकाळी शटर वर जायच्या आधीच बाहेर बायका उभ्या होत्या आणि दार उघडताच आत शिरून त्यांनी, भिंगरीनं आदल्या संध्याकाळी मापाप्रमाणे, रंगाप्रमाणे लावलेल्या रांगांचा बघता बघता चिवडा केला. लार्जच्या दांडीवर स्मॉल, शर्टांच्या ढिगात पँटी, आणि एका पुतळ्याच्या अंगावरचं जॅकेट तर कुणीतरी उभ्या उभ्या उतरवून नेलं होतं. तो बिचारा उघडाच दारातून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत होता. भिंगरीनं त्याला एक शर्ट चढवला, हँगर उचलले, बिलाच्या रांगेत भांडण सोडवलं, इस्त्रीच्या वाफेनं हात भाजून घेतला, आणि या सगळ्या कामांच्या मध्ये मध्ये ती काचेच्या दाराशी जाऊन रस्त्यावर डोकावून येत होती.

"कुणाची वाट बघताय, छोट्या मॅडम?" लांबवेणीनं विचारलं. लांबवेणी म्हणजे ट्रायल रूमवर असणारी सेल्सवुमन. दोन पोरांची आई, तोंडानं फटकळ, आणि कंबरेखाली जाणारी वेणी एवढी एकच गोष्ट तिनं आयुष्यात नेटानं जपलेली.

"माझी बहीण यायचीय."

"ती शाळेतली? आजारी होती ती?"

"होती," भिंगरी जरा जोरातच म्हणाली. "आता बरी आहे."

बरी आहे, असं डॉक्टरही म्हणत होते. पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं, त्यानंतर घरादाराला ज्यांची नावं पाठ झाली अशी औषधं झाली, आणि आता डॉक्टर म्हणत होते की आजार आटोक्यात आहे, घरात बसवून ठेवू नका, कामाला जाऊ द्या. ताई मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. लग्न केलं नाही, आई गेल्यावर भिंगरीला तिनंच वाढवलं, आणि उरलेला जीव शाळेत लावला. तिचा दरारा असा, की तिच्या जुन्या विद्यार्थिनी आता स्वतःच्या पोरांचं बोट धरून जाताना ती समोर दिसली तर पदर नसला तरी काहीतरी सावरायच्या. ती ताई आता भिंगरीच्या घरी, मागच्या खोलीत, खिडकीपाशी खुर्ची टाकून बसलेली असे. दिवस दिवस बसे. अंगावर गाऊन, त्यावर शाल. दारापलीकडे पाऊल टाकायला तयार नाही.

शाळेनं तिच्या जागी एक बदली शिक्षिका घेतली होती. मुख्याध्यापिका भल्या बाई होत्या, त्यांनी होईल तितकं ताणून धरलं. पण परवा त्यांचाच फोन आला. सोमवारी येणार असाल तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर त्या मुलीला कायम करावं लागेल, माझ्या हातात काही राहिलेलं नाही. आज शुक्रवार होता.

"जाईन," ताई काल रात्री जेवताना म्हणाली होती. "पण माझे जुने कपडे मला होत नाहीत. खांद्यावरून घसरतात. मी फळ्याकडे तोंड केलं की वर्गभर पोरी माझ्या पाठीकडे बघत असतात. त्यांच्यासमोर उभी राहता येईल असा एक ड्रेस मला तुझ्या दुकानात मिळाला तर मी बाईंना हो म्हणून कळवते. नाही मिळाला तर नाही म्हणून कळवते. मग मला कुणी समजवायला यायचं नाही."

ताईचा शब्द म्हणजे शब्द. शाळा गेली की ताई त्या खुर्चीवरून उठायची नाही, हे तिला ठाऊक होतं. जेवणखाण, औषधं, गप्पा सगळं चालू राहील, आणि ताई दिवसेंदिवस त्या खिडकीत विरत जाईल. त्या विचारानं तिला रात्रभर डोळा लागला नव्हता. सकाळी दुकानात आल्या आल्या, सेलच्या गदारोळातसुद्धा, तिनं ताईसाठी म्हणून चार ड्रेस निवडून काउंटरखाली लपवून ठेवले. सगळे पूर्ण बाह्यांचे, बंद गळ्याचे. नियमाप्रमाणे सेलचा माल लपवायला बंदी होती, आणि तो नियम बाकीच्यांकडून पाळून घेण्याचा पगार भिंगरीलाच मिळत होता.

आता एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती भिंगरीला फारशी शोभा देणारी नाही. गोड बोलणं हा तिचा धंदा. ट्रायल रूमच्या दारातून बाई बाहेर आली की "हा रंग तुम्हाला किती खुलतोय" हे तिच्या तोंडून असं निघे, की बोलून झाल्यावर तिला स्वतःलाच कळे आपण काही बोललो म्हणून. ताई दवाखान्यातून घरी आली, तिचा तो अवतार पाहिला, आणि भिंगरीनं दुकानातली जीभ घरी आणली. रोज सकाळी चहा देताना म्हणायची, ताई, आज चेहऱ्यावर काय तेज आलंय. ताई, गाल भरलेत हां. नवऱ्यालाही पढवून ठेवलेलं. तो गरीब माणूस ऑफिसला निघताना मागच्या खोलीत डोकावून "ताई, टवटवीत दिसताय" असं हजेरी लावल्यासारखं बोलून जाई. एवढ्यावर भागलं नाही. मागच्या खोलीतल्या कपाटाला उभा, माणूसभर आरसा होता. ताई यायच्या आधी भिंगरीनं ते कपाट बिजागरी मोडली म्हणून बाहेरच्या खोलीत नेऊन चादरीखाली झाकलं आणि त्या जागी साधं लाकडी कपाट आणून ठेवलं. बिजागरीला काही झालं नव्हतं. ताईला दिसेल असा उरला तो बेसिनवरचा आरसा, तोंड धुताना तोंडच दिसेल एवढा.

आणि दुकानातल्या तीन नंबरच्या आरशाचं आणखी वेगळं.

दुकानात ट्रायल रूम चार. दुकानाची दुरुस्ती झाली तेव्हा सुतारानं तीन नंबरचा आरसा बसवताना भिंत खालून पोकळ निघाली म्हणून आरशाच्या खालच्या कडेमागे लाकडाची पाचर ठोकली. खालची कड पुढे आली, वरची मागे राहिली. त्यात उभं राहिलं की माणूस उंच दिसे आणि बारीक दिसे. हे पहिल्यांदा ध्यानात आलं ते भिंगरीच्या. ती तेव्हा साधी सेल्सगर्ल होती. तीन नंबरमधून बाहेर येणाऱ्या बायका कपडा हातात घट्ट धरूनच बाहेर येतात, दुसऱ्या खोल्यांतून येणाऱ्या नाक मुरडत येतात, हे तिनं पाहिलं, कारण शोधलं, आणि सुतार पाचर काढायला परत आला तेव्हा त्याला मोठ्या मॅडमसमोरच चहा पाजून वाटेला लावलं. तिला बढती मिळाली त्यात या पाचरीचा हात मोठा होता. तेव्हापासून दुकानात पद्धतच पडली. गिऱ्हाईक खास असलं, किंवा घेऊ की नको करत असलं, की काउंटरवरून नुसतं "तीन नंबर द्या" म्हणायचं. पोरी बाकी सगळं विसरतील, हे विसरत नसत.

दुपार उलटली. ताईचा पत्ता नव्हता. भिंगरीनं तिला फोन लावला, उचलला नाही. म्हणजे निघाली असेल. किंवा निघायचंच नाही म्हणून फोनकडे बघत बसली असेल. तेवढ्यात काउंटरवर एक ठेंगणी, ऐसपैस बाई येऊन उभी राहिली आणि तिनं पिशवीतून लाल फुलांचा ड्रेस काढून आपटला.

"हा परत घ्या."

"मॅडम, सेलच्या दिवसांत परतीचं जरा..."

"मी सेलमध्ये नाही घेतला. मागच्या आठवड्यात घेतला, चांगल्या पूर्ण किमतीला. आणि हो, तुम्हीच विकलात मला. तुम्हीच म्हणालात, रंग खुलतोय."

भिंगरी असं म्हणाली असणार यात शंका नव्हती. ती हसू आणून ड्रेस उलटापालटा करून बघू लागली आणि तेव्हाच दारातून ताई आत आली.

उन्हातून चालत आलेली ताई. जुन्या राखाडी ड्रेसवर शाल पांघरलेली, एका हातानं पर्स छातीशी धरलेली, दुसऱ्या हातानं दाराची काच. भोवती बायकांची झुंबड, आणि ताई तिथं, गर्दीत वाट चुकलेल्या माणसासारखी, थांबून राहिली. घरच्या मागच्या खोलीत रोज बघितलेली ताई दुकानाच्या लख्ख दिव्यांत केवढीशी दिसली. भिंगरीला वाटलं, धावत जावं आणि तिला उचलूनच आणावं.

"मी तुमच्याशी बोलतेय," परतवाली बाई म्हणाली.

"हो मॅडम, एकच मिनिट." भिंगरीनं काउंटरखालचे चार ड्रेस काढून लांबवेणीच्या हातात कोंबले. "ती बघ, माझी ताई. नीट सांभाळून ने. आणि तीन नंबर दे तिला."

बोलली आणि वळली. सवयीनं बोलली. आपल्या माणसाला दुकानातली सगळ्यात चांगली खोली द्यावी, एवढंच तिच्या मनात होतं. लांबवेणीनं ताईचा हात धरला, गर्दीतून वाट काढली, आणि तीन नंबरचं दार लागताना भिंगरीनं पाहिलं तेव्हा तिला सकाळपासून पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

"काय दोष आहे ड्रेसमध्ये?" तिनं परतवालीला विचारलं. "शिवण उसवली का?"

"शिवण कशाला उसवेल? दोष तुमच्या आरशात आहे."

"आरशात?"

"इथं मी घातला तेव्हा चांगली शिडशिडीत दिसत होते. स्वतःच्याच प्रेमात पडायची वेळ आली. घरी जाऊन घातला तर नवरा म्हणाला, पडदा गुंडाळलास का. घरच्या आरशात बघते तर हा एवढा पिंप."

मागच्या रांगेतल्या दोघीतिघी हसल्या. भिंगरी मात्र कसलेली होती. "मॅडम, आरसा तो आरसाच," ती गोड आवाजात म्हणाली. "समोर असेल तेच दाखवतो. तो काय खोटं बोलणार?"

"बोलतो. मी सांगते ना, बोलतो. तुमचा तो तीन नंबरचा आरसा माणसाला निम्मा करून दाखवतो."

निम्मा, हा शब्द भिंगरीच्या कानात शिरला आणि तिच्या हातातला ड्रेस तसाच राहिला. निम्म्या झालेल्या बाईला तो आरसा काय दाखवेल, हे तिला त्या क्षणी कळलं. माणूसभर आरसा ताईला दिसू नये म्हणून जिनं कपाट खोलीतून काढलं, तिनंच आज तिला सगळ्या गावात जो माणसाला सगळ्यात बारीक दाखवतो त्या आरशासमोर नेऊन उभं केलं होतं, आणि वर दार लावून दिलं होतं.

"पैसे परत द्या यांचे," ती शेजारच्या मुलीला म्हणाली आणि धावत सुटली. परतवाली बाई, जी तासभर भांडायच्या तयारीनं आली होती, तोंड उघडं ठेवून बघत राहिली.

तीन नंबरबाहेर लांबवेणी खांद्यावर उरलेले तीन ड्रेस टाकून उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. "कधीच्या आत आहेत," ती हळूच म्हणाली. "मी विचारलं, बसला का, तर म्हणाल्या, हो. मग काहीच बोलल्या नाहीत."

भिंगरीनं दारावर टकटक केली. "ताई, मी आहे. उघड."

कडी निघाली.

खोली एवढीशी. एक स्टूल, दोन खुंट्या आणि आरसा. दोघी आत आल्यावर वळायलासुद्धा जागा उरली नाही. ताईनं गडद हिरवा ड्रेस घातला होता, मागची चेन अर्धीच वर गेली होती, आणि ती आरशासमोर हात सरळ सोडून उभी होती. आरशातली बाई लांबच लांब होती. बाह्यांतून मनगटं काटकीसारखी बाहेर आली होती, मान वर वर गेली होती, आणि गालांच्या जागी नुसत्या सावल्या होत्या. भिंगरीनं आजवर त्या काचेत शेकडो बायकांना खूश होताना पाहिलं होतं. तिनं पटकन नजर वळवली.

"कडी लाव," ताई म्हणाली. आणि कडी लागल्यावर, "बघ ना. ही कोण आहे?"

"ताई, हा आरसा खोटा आहे."

ताईनं आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. गृहपाठ घरी विसरला म्हणणाऱ्या मुलीकडे ती असंच बघायची.

"खरंच, ताई. याच्या खाली पाचर आहे. आम्ही मुद्दाम ठेवलीय. बायका बारीक दिसाव्यात, कपडे खपावेत म्हणून. हे बघ, माझ्याकडे बघ. मी एवढी बारीक आहे का?"

"तू झालीच आहेस बारीक," ताई म्हणाली. "माझ्यामागे पळून पळून."

"ताई, शप्पथ."

"भिंगरे, तू मला रोज सकाळी सांगतेस गाल भरलेत. रंग आलाय. तेज आलंय. हा आरसा म्हणतोय, काहीही आलेलं नाही. आता तू म्हणतेस हा खोटं बोलतो." ताईचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे. "दोघांपैकी मी कुणाचं धरू? याला मला कामावर पाठवायचं नाहीये. तुला पाठवायचंय. मग खोटं बोलायचं कारण कुणाला जास्त?"

आयुष्यात पहिल्यांदा भिंगरीला समोरच्या बाईनं आपल्यावर विश्वास ठेवावा असं जिवाच्या आकांतानं वाटत होतं, आणि खरं सांगूनही तो बसत नव्हता. बसणार कसा? तिनं स्वतःच तर तो रोज चहाबरोबर थोडा थोडा संपवला होता. बाहेर कुणीतरी दार वाजवलं. खिशात फोन थरथरला, मोठ्या मॅडमचा असणार. तिनं तो बंदच करून टाकला आणि खाली बसली.

बसली म्हणजे गुडघ्यांवर, ताईच्या पायांशी. आरशाच्या खालच्या कडेमागे बोटं घालून तिनं पाचर चाचपली. वर्षानुवर्षांची ती, रंगाच्या थरांत चिकटून बसलेली. नखं मोडली. मग तिनं केसांतली मोठी पिन काढली, ती मागून सरकवली आणि दात ओठ खाऊन ओढली. पाचर करकरत बाहेर आली, आरसा एकदा धाडकन मागे गेला आणि भिंतीला टेकला. बाहेरून लांबवेणी म्हणाली, "काय पडलं?"

"काही नाही," भिंगरी म्हणाली आणि उठून पाचर ताईच्या हातात दिली.

ताईनं पाचरीकडे पाहिलं, मग आरशाकडे. आरशातली बाई थोडी बुटकी झाली होती. मान जागेवर आली होती. थोडी रुंदीही आली होती, पण थोडीच.

"हा खरा?" ताईनं विचारलं.

"हो."

"फार फरक नाही."

भिंगरीच्या जिभेवर नेहमीचं वाक्य तयार होतं. पण रंग किती खुलतोय बघ. ते ओठांपर्यंत आलंसुद्धा. "नाही," ती म्हणाली. "फार फरक नाही."

ताईनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. या वेळी आरशातून नाही, सरळ.

"आणि रंग?" ताईनं विचारलं.

"वाईट दिसतोय. हिरव्यात तू पिवळी पडतेस. मला सकाळीच कळायला हवं होतं."

"अजून?"

"अजून काय, ताई. हाडं दिसतात. मागून बघितलं तर पाठीचा कणा मोजता येईल. तू अर्धी झालीयेस. गाल भरलेत वगैरे काही नाही. अगदी किंचित भरलेत, ते पण मलाच दिसतात, मी रोज बघते म्हणून. पोरी बघतच राहतील सोमवारी. त्यांना पण मी रोज खोटं शिकवून ठेवू शकत नाही." बोलता बोलता तिला रडू फुटलं होतं, आणि ते पुसायला हात वर घ्यावा एवढीही जागा नव्हती. "नवऱ्याला पण मीच सांगितलेलं बोलायला. टवटवीत. त्याचं काही चुकलं नाही. आणि ते कपाट..."

"बिजागरी शाबूत होती," ताई म्हणाली. "मला माहीत आहे. बाहेरच्या खोलीत जाऊन बघून आले होते मी."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुला माझ्याकडे बघवत नाही. म्हणून आरशात मी दुसऱ्यांदा दिसायला नको, असं काहीतरी असेल."

हे ऐकून भिंगरीला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. ती भिंतीला टेकली. "मला भीती वाटत होती, ताई."

"कशाची?"

"तू मरशील याची."

इतक्या महिन्यांत हे वाक्य तिनं नवऱ्याकडे, देवाकडे, स्वतःकडेसुद्धा उच्चारलं नव्हतं. दुकानातला गोंगाट बाहेर चालूच होता, हँगर खडखडत होते, कुणीतरी मीडियम आहे का विचारत होतं.

ताई सावकाश स्टुलावर बसली. "मला पण तीच वाटायची," ती म्हणाली. "रोज सकाळी डोळे उघडले की पहिली तीच. आणि मग तू चहा घेऊन यायचीस आणि म्हणायचीस, ताई, काय तेज आलंय. मग तो यायचा. टवटवीत. मला वाटायचं, या घरात घाबरलेली मी एकटीच आहे. दोघं एवढी आनंदात आहेत, यांना कशाला सांगा. कुणाशी बोलणार होते मी, त्या तेजाशी?"

भिंगरी हसली आणि रडली, दोन्ही एकदम, आणि त्यात कसं कोण जाणे, खाली फरशीवर बसली. दोघी बहिणी गुडघ्याला गुडघा लावून त्या कपाटाएवढ्या खोलीत बसून राहिल्या. ताईनं शालीच्या टोकानं तिचं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जरा जास्तच जोर लावून.

"आता या ड्रेसमधून काढ मला," ताई म्हणाली. "कुणी शिवलाय हा? भयंकर आहे."

"भयंकरच आहे."

"माझा राखाडीच बरा. तुमच्या दुकानात शिवणवाली आहे ना, तिला म्हणावं खांद्यात आत घे. होईल सोमवारपर्यंत?"

भिंगरीनं वर पाहिलं. तिला विचारायचं होतं, पण विचारण्याचा धीर होईना. ताईनं अर्ध्या उघड्या चेनसकट स्टुलावरूनच हात लांब केला, खुंटीवरची पर्स ओढली आणि फोन काढला. आवाज फळ्यासमोरचा होता.

"बाई, मी बोलतेय. सोमवारी येते... हो, पहिल्या तासापासून. कागद, खडू काही काढून ठेवू नका, माझं मी बघते. फक्त एक करा. वर्गात मुलींना आधी सांगून ठेवा... आजारी होते ते माहीत आहे त्यांना. मी फार वाईट दिसते, असं सांगा. म्हणजे त्यांना बघायला बसायचं नाही, आणि मला लपायचं नाही... नाही, नाही, बाई, तुम्ही पण तसं बोलू नका. तुम्ही मला पाहिलेलं नाही. छान वगैरे काही दिसत नाहीये मी." पलीकडून काहीतरी चांगलंचुंगलं बोललं जात होतं. "असं करा, माझी बहीण इथंच आहे. तिचा धंदाच कोण कसं दिसतं ते सांगण्याचा आहे. तिला विचारा."

आणि तिनं फोन भिंगरीसमोर धरला.

भिंगरीनं तो कानाला लावला. पलीकडे मुख्याध्यापिका म्हणत होत्या, काय हो ही, उगाच स्वतःला नावं ठेवते, दिसत असेल की चांगली, हो ना? ताई स्टुलावर ताठ बसून भिंगरीच्या तोंडाकडे बघत होती.

"नाही बाई," भिंगरी म्हणाली. "वाईटच दिसते. फार वाईट दिसते." ताईकडेच बघत तिनं पुढे सांगितलं. "मुलींना सांगून ठेवा. सोमवारी येतेय ती."